फी महिन्याची घ्यावी का पिकाची? (व्हायोलिन क्लास, मोर्शीकडे)

गजवाला:
राम राम मंडळी. मी मोर्शी तालुक्यात व्हायोलिन शिकवतो, आठवड्यातून दोन दिवस वरूडला जातो एसटीने. १४ पोट्टे आहेत, बाकी लग्नसराईत ऑर्केस्ट्रा नाहीतर कीर्तनात साथ, असं घर चालते. फी महिन्याला ५०० ठेवली, पण जून लागला का सगळ्यांचा पैसा बी-बियाण्यात जाते अन् "सर पुढच्या महिन्यात" सुरू होते ते थेट सोयाबीन निघेपर्यंत. मागायला गेलो तर चहा पाजतात, वरून पिशवीभर वांगे देतात, मंग माझं तोंडच उघडत नाही. त्यात गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेच्या नोव्हेंबर-डिसेंबर सत्राचे फॉर्म सोयाबीन घरात यायच्या आधीच भरा लागतात. यंदा तिघांचे मी खिशातून भरले, त्यातल्या एकानं तर क्लासच सोडला. बायको म्हणते क्लास घेता का धर्मशाळा चालवता. तुम्ही लोकं कशी घेता फी?

ठेका_चुकला:
भाऊ महिना विसरा. मी दर्यापूरकडे तबला शिकवतो, आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं, तर अजून वांधे. वर्षाचे दोन हप्ते घेतो, एक सोयाबीन-कापसाचा, दुसरा मार्चात हरभरा निघाल्यावर. ज्याच्या घरी पगार येते त्याच्याकडून महिन्याला. अन् वही ठेवा, बापासमोर लिहा. वांगे घ्या पण वही उघडी ठेवून घ्या 😄

संत्राबाग:
मी पालकाच्या बाजूनं बोलते. आमच्याकडे पैसा वर्षातून एकदा दिसते, व्यापारी बाग पाहून इसार देते तेव्हा. तोवर दुकानदाराची उधारी, मजुरी, फवारणी. सरांची फी राहिली का आम्हालेच लाज वाटते, रस्त्यात सर दिसले तर मी स्वतः गल्ली बदलली आहे एकदा. त्या पोट्ट्यानं क्लास सोडला नसेल हो, बापानं बंद केला असेल, तोंड कसं दाखवावं म्हणून. घरी जाऊन या एकदा, फीचं नाव काढू नका.

ठेका_चुकला:
ताई बरोबर आहे पण सरांनं बी खावं काय? कार्यक्रमाचे तरी अ‍ॅडव्हान्स घेता ना भाऊ?

गजवाला:
कार्यक्रमाचं नका विचारू. मे मधल्या एका लग्नात अ‍ॅडव्हान्स नाही घेतला, ४५ डिग्रीत मंडपात दोन तास नुसता बसून होतो नवरदेवाची वाट पाहत, अन् वाजवायला घेतलं तर व्हायोलिनचा खालचा जोड उकललेला. वरपक्ष म्हणे वाजवलंच नाही तर पैसे कायचे.

जुनी_घोडी:
फेव्हिकॉल नाही ना लावलं?? जोड सरसाचाच (जनावराच्या हाडा-कातड्याचा गोंद) असते, लाकूड तडकण्याच्या आधी सरस सुटावं म्हणूनच तो वापरतात, फेव्हिकॉलनं पुढच्या वेळी थेट लाकूड फाटते. एसटीत खिडकीच्या उन्हात व्हायोलिनची पेटी ठेवू नका, अन् कूलरसमोर पण नाही. वाजवून झालं का गज (वाजवायची काडी) सैल करा, उन्हाळ्यात त्याचे केस आकसतात. तारांच्या खुंट्या घसरत असतील तर थोडा खडू, पावसाळ्यात फुगून अडकल्या तर पेन्सिलीचं शिसं.

गजवाला:
फेव्हिकॉल लावणारच होतो खरं तं 🙏 सरसानं लावून घेतो.

काल त्या पोट्ट्याच्या घरी जाऊन आलो. बाप वावरात होता. पोट्टं म्हणते "सर मी रोज वाजवतो, भूप रागाच्या दोन्ही ताना बसल्या", अन् वाजवूनबी दाखवलं, दुसरी थोडी घसरते अजून. निघालो तं बाप फाट्यावर भेटला, तोच बोलला, इसार आला का देतो म्हणून. मी म्हटलं सोमवारी पाठवा त्याले. सगळ्यांले दोन हप्त्यांचं सांगून टाकलं, वही पण आणली.

आता हे सांगा, अमरावतीत रोझिन (गजाच्या केसांवर घासायची राळ) बरं कुठं मिळते? माझं संपलं अन् पोट्टे माझंच घासून राहिले.