रझाकारी, शिंदी आणि हातभट्टी: घरात ऐकलेलं लिहा

१७ सप्टेंबरच्या भाषणांत हैदराबाद मुक्तिसंग्राम येतो, पण खेडं फारसं येत नाही. तुमच्या घरात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळाबद्दल काय सांगतात? दारूसकट लिहा. अबकारी, म्हणजे दारूवरचा कर, हे निजामाचं मोठं उत्पन्न, म्हणून तर ज्यांच्या रसाची दारू होते ती शिंदीची झाडं तोडणं हा लढ्याचा कार्यक्रम होता. नावं मात्र नकोत.

परंडेकर
आजोबा रात्री कुऱ्हाड घेऊन ओढ्याला जायचे. आधी गाडगं उतरवायचं, मग झाड पाडायचं. "झाड निजामाचं, गाडगं आपलं!" सकाळी दारूचा ठेका घेतलेला गुत्तेदार बोंबलत यायचा. शिंदी काढणाऱ्यांच्या घरी त्या साली चूल कशी पेटली असेल, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही.

सीमेवरचा
आमचं गाव बार्शीच्या बाजूला, म्हणजे मुंबई इलाख्यात. १९४८ मध्ये पलीकडून आलेली माणसं गुराढोरांसह आमच्या वाड्यात राहिली. पणजीच्या चुलतभावाला, घरात सगळे त्यांना मामा म्हणायचे, सगळ्या आडवाटा पाठ. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांसाठी ते रात्री निरोप आणि काडतुसं पोचवायचे.

खरी गंमत पुढे. १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि हैदराबाद राज्यात दारू चालूच. मामांच्या वाटा त्याच, ओझं बदललं. लॉरीची ट्यूब दारूनं भरायची, अंगाला गुंडाळायची, वरून घोंगडी. पुढे घरचीच भट्टी: काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल, मडकं उकिरड्यात पुरलेलं. पहिल्या धारेची काडी लावून बघायची, निळी पेटली की पास. काडतुसांची गोष्ट ते चारचौघांत सांगायचे, ट्यूबची फक्त लग्नात, जेवणं झाल्यावर.

किनवटवाला
आमच्याकडे मोहाची. ती भीतीच्या दिवसांतही थांबली नाही, एवढंच ठाऊक आहे.

औशाची लेक
आमच्या घरात भीतीचे दिवस १७ सप्टेंबरनंतर सुरू होतात. पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे भारतीय फौजेची कारवाई, संपली आणि मुसलमानांवर बदला सुरू झाला. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमचा तेव्हाचा उस्मानाबाद. दादा रझाकारात नव्हते, पण ते विचारत कोण होतं?

शेजारच्या पाटलांनी त्यांना गोठ्यात, कडब्यामागं लपवलं. तिथंच पाटलांची भट्टीची मडकी आंबत ठेवलेली. पाच वक्त नमाजी माणूस त्या वासात बसून. दादा म्हणायचे, "अल्लानं माफ केलं असंल, पण नाक काही माफ करीना." पाटलीणबाई भाकरी टोपल्यात, शेणकुटाखाली झाकून आणायच्या. दादांचे दोन चुलते परत आले नाहीत. त्यांच्याबद्दल घरात कधी बोलणं होत नाही.

पुढे पाटलांवर हातभट्टीची केस झाली. जामीन दादा राहिले.