सॅम्पलरवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना मागे घूंऽ आणि किरकिर येतेय, कुठून येत असेल?

पॅडवाजव
नमस्कार मंडळी, तीन आठवडे याच्याच मागे लागलोय, म्हणून शेवटी इथे विचारतोय. माझ्याकडे एक जुना १६ बिटचा सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून पॅडवर वाजवायचं यंत्र) आहे, सेकंडहँड घेतलेला. बीट सगळी त्याच्यावरच बनवतो आणि मग त्याचे लेफ्ट राइट आउट ऑडिओ इंटरफेसमध्ये (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) घालून लॅपटॉपवर घेतो. हेडफोन डायरेक्ट सॅम्पलरला लावला तर आवाज एकदम स्वच्छ, पण लॅपटॉपवर घेतलं की मागे खालच्या पट्टीतली घूंऽऽ येते आणि तिच्यावर एक बारीक किरकिर, आणि गंमत म्हणजे माऊस हलवला की ती किरकिर बदलते. ड्रम चालू असताना दबून जातं सगळं, पण ब्रेकमध्ये जिथे फक्त पियानोचा छोटा तुकडा आहे तिथे उघडं पडतं.

नॉइज रिडक्शन लावून बघितलं, घूं गेली पण हायहॅट पाण्याखालून वाजल्यासारखे झाले, तो पियानोही मेल्यासारखा वाटायला लागला. क्लिप होऊ नये, म्हणजे लेव्हल जास्त होऊन आवाज फाटू नये म्हणून सॅम्पलरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवतो आणि इंटरफेसचा गेन (आत येणारा आवाज वाढवायचा नॉब) बराच वर, साधारण घड्याळातल्या दोनच्या काट्यापर्यंत. केबल साध्या गिटारच्या आहेत. केबल बदलू का इंटरफेस बदलू?

वायरतपास
काहीच विकत घेऊ नका अजून. माऊस हलवल्यावर आवाज बदलतो म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कचरा ऑडिओच्या वायरीत शिरतोय, आणि तो शिरायला वाट लागते ती बहुतेक वेळा ग्राउंड लूपची. एक टेस्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे. सॅम्पलर चालू ठेवा, काही वाजवू नका, मीटरकडे बघत लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर गेल्या गेल्या घूं आणि किरकिर दोन्ही खाली आले तर चोर सापडला.

होतं काय, सॅम्पलरला अर्थिंग आहे आणि चार्जरमधून लॅपटॉपलाही अर्थिंग आहे, आणि मधे तुमच्या ऑडिओ केबलची शील्ड (वायरीभोवतीचं धातूचं वेष्टन) त्या दोघांना अजून एका ठिकाणी जोडते. झालं वर्तुळ, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्या वर्तुळात मेन्सचा ५० हर्ट्झ फिरतो (काही देशांत ६०), त्याच्या पटीतले १००, १५० पण, आणि लॅपटॉपचा डिजिटल आवाज त्याच वाटेने येतो. यूएसबीची किरकिर बऱ्याचदा १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्यांच्या पटीत दिसते, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावलात (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवतो) तर उभ्या काड्या दिसतील. हेडफोनवर स्वच्छ का, तर तेव्हा दुसरं काहीच जोडलेलं नसतं, वर्तुळच नाही.

पहिला उपाय फुकटचा, सॅम्पलर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. त्याने नाही गेलं तर रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. कायमचं हवं असेल तर दोन चॅनलचा लाइन आयसोलेटर घ्या, ज्यात १:१ ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे वायरीचा थेट जोड न राहता आवाज पलीकडे जातो. डीआय बॉक्सनेही (सिग्नल माइकच्या इनपुटला जोडायचा डबा) लूप तुटतो पण त्याचं आउट माइक लेव्हलचं, म्हणजे बरंच बारीक असतं, मग परत इंटरफेसमधल्या प्रीअ‍ॅम्पचा गेन वाढवावा लागतो, तुमच्या कामाला आयसोलेटर बरा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, कुणी कितीही सांगू दे, प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही. घूं नक्की जाते, पण आत काही शॉर्ट झालं तर करंट सॅम्पलरच्या धातूच्या बॉडीतून तुमच्या हातात येईल. जुन्या मशीनला तर अजिबात नाही.

जुनंयंत्र
वायरतपास यांनी लूपचं बरोबर सांगितलं, पण मला दुसरंच खटकलं. व्हॉल्यूम अर्ध्यावर आणि गेन दोनवर, हे उलटं करतोयस मित्रा. सॅम्पलरच्या आउटपुट सर्किटचा स्वतःचा थोडा हिस्स (सतत येणारा बारीक सूंऽ आवाज) असतो आणि व्हॉल्यूमच्या नॉबनंतर जे सर्किट आहे त्याचा हिस्स नॉब कुठेही असला तरी तेवढाच राहतो. तू नॉब खाली केलास की फक्त गाणं बारीक होतं, हिस्स तसाच. मग इंटरफेसच्या गेनने दोघांना मिळून वर ओढतोस, वर प्रीअ‍ॅम्पचा हिस्स वेगळा.

तर सॅम्पलरचा व्हॉल्यूम पूर्ण किंवा पूर्णच्या जवळ ठेव. आतमध्ये पॅडची आणि प्रोग्रामची लेव्हल पण बघ, बऱ्याच जणांची तिथेच खाली पडलेली असते. इंटरफेसचं इनपुट लाइनवर टाक, इन्स्ट्रुमेंटचं बटण चालू असेल तर बंद कर, ते गिटारच्या पिकअपसाठी असतं. गेन तळाशी नेऊन मग हळूहळू वर आण, सगळ्यात मोठा किक मीटरवर मायनस १२ ते मायनस ६ डीबीच्या मधे आला की थांब (० च्या वर आवाज फाटतो). २४ बिटला रेकॉर्ड कर म्हणजे वर जागा सोडली तरी काही बिघडत नाही. एका बिटमागे साधारण ६ डीबी, म्हणजे १६ बिटचे ९६, तुझ्या मशीनच्या कानाकोपऱ्यातलं सगळं २४ बिटात आरामात मावतं.

केबलचं म्हणशील तर सॅम्पलरचं आउट बॅलन्स्ड (दोन वायरींवर सिग्नल, म्हणजे वाटेत शिरलेला आवाज कापला जातो) आहे का मॅन्युअलमध्ये बघ. असेल तर टीआरएस केबल (स्टीरिओ हेडफोनसारखा तीन भागांचा प्लग असलेली) लाव, फरक पडेल. नसेल तर टीआरएसने विशेष काही होणार नाही, मग केबल छोटी ठेव आणि चार्जर, अडॅप्टर यांच्यापासून लांब ने.

खरखरप्रेमी
दोघांशी सहमत, पण एक विनंती, घूं काढा, किरकिर काढा, पण मशीनचा स्वतःचा खरखरीतपणा काढू नका. एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर मशीन १९८७ सालचं, १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झ, कागदावर आजच्या फोनपेक्षा कमी, आणि लोक आजही त्याच्याच आवाजासाठी जीव टाकतात. सॅम्पल वाजतं तेव्हा त्याच्या शेपटीत जी वाळू ऐकू येते ती त्या आवाजाचाच भाग आहे. नॉइज रिडक्शनला हे कळत नाही, म्हणून तुमचा पियानो मेला.

ओळखायचं कसं, तर सॅम्पल थांबलं की जो आवाज थांबतो तो मशीनचा, जो चालूच राहतो तो बाहेरचा किंवा सर्किटच्या हिस्सचा. ५० हर्ट्झवर नॉच (एकच बारीक पट्टी कापणारा फिल्टर) लावायचा मोह होईल, पण किकचं पोट तिथेच असतं, म्हणून नॉच फक्त पियानोच्या ट्रॅकवर लावा. त्यासाठी पियानो आणि ड्रम वेगळे रेकॉर्ड करा, टेम्पो सॅम्पलरचाच ठेवून एकेक ट्रॅक म्यूट करत. वेळ लागतो पण नंतर मिक्सला जीव येतो.

आणि मागे डिजिटल आउट असेल तर ते वापरून बघा. इंटरफेसचा क्लॉक एक्स्टर्नल करायचा, म्हणजे तो सॅम्पलरच्या तालाने चालतो, आणि प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झवर, नाहीतर टिकटिक येते. पण मशीनच्या अ‍ॅनालॉग आउटचा रंग त्यात येत नाही, मला स्वतःला तो हवा असतो.

पॅडवाजव
सगळ्यांचे मनापासून आभार!! काल रात्री बसलो. चार्जर काढला आणि किरकिर जागच्या जागी बंद, माऊस हलवून हलवून बघितलं, काही नाही. इन्स्ट्रुमेंटचं बटण खरंच चालू होतं, इतके महिने. व्हॉल्यूम पूर्ण, इनपुट लाइनवर, गेन जवळजवळ शून्यावर. शांततेत मीटर आधी मायनस ५० च्या आसपास असायचं, आता मायनस ७५ च्या खाली. पियानोच्या शेवटी खोलीचा जो छोटा घुमारा आहे तो पहिल्यांदा ऐकला, माझ्याच सॅम्पलमधला.

एकच राहिलं, अगदी वरच्या पट्टीत बारीक शिट्टीसारखं काहीतरी, हेडफोन मोठा केला तरच येतं. सॅम्पलरच्या हेडफोन आउटलाही आहे, आधी लक्षात आलं नव्हतं.

जुनंयंत्र
स्क्रीनची बॅकलाइट बंद करता येते का बघ. जुन्या स्क्रीनच्या मागे जो छोटा इन्व्हर्टर असतो तो अशी शिट्टी देतो. लाइट बंद केल्यावर गेली तर तोच, एलईडीची बॅकलाइट बसवून मिळते, पण बसवणारा माहितगार हवा. तोपर्यंत प्रत्येक टेकच्या सुरुवातीला दोन तीन सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करत जा, शिट्टीचा नमुना हाताशी राहतो आणि लागलं तर तेवढ्याच बारीक पट्टीवर नॉच लावता येतो.