मदत हवी आहे: तिघे नीट उतरले, मग चौथ्याच्या पायाखालीच उतार कसा सुटला?

बॅककंट्री स्कीइंग (रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरांवरचं स्कीइंग) करणाऱ्या जाणकारांना विचारायचंय. गटातले तिघे एकेक करून नीट खाली पोचले. चौथा त्यांच्या खुणांच्या जरा डावीकडून निघाला. मध्यावर बर्फातून डोकावणाऱ्या खडकाजवळ वरचा थर तडकला आणि बघता बघता अख्खा उतार सुटला, म्हणजे हिमस्खलनच झालं. तो बाजूला निसटला, कुणालाही इजा नाही. बर्फ पडून बरेच दिवस झाले होते, आकाश निरभ्र, हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी 3. तिघांच्या वजनाने बर्फ दबून पक्का व्हायला हवा होता ना? गटात चर्चा 'नशीब' यापुढे सरकत नाहीये.

प्रतिसाद:
सगळे सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. तिघे उतरले म्हणून उतार पक्का होत नाही. स्कीने दबते ती वरची अरुंद पट्टी. खरा घोळ खाली असतो. घट्ट स्लॅबखाली (एकसंध जमलेल्या बर्फाच्या थराखाली) साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा कच्चा थर गाडला गेला, की तो कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. स्लॅब जाड असेल तिथे स्कीयरचा भार त्या थरापर्यंत फारसा पोचत नाही. खडकाभोवती मात्र बर्फ पातळ असतो आणि दाणेही जास्त कच्चे. तिथे तडा सुरू झाला की तो त्या थरातून जाड भागाखालीही धावत जातो. तिघांना ती जागा लागली नाही, इतकंच.

कोन किती होता? चढताना काही आवाज?

धागाकर्ता:
नकाशावर 35 अंश दिसतो. चढताना सपाटीवर एकदा 'धप्प' झालं होतं. बर्फ बसतोय, असं कुणीतरी म्हणालं.

प्रतिसाद:
तो कच्चा थर कोसळल्याचाच आवाज! सपाटी होती म्हणून काही घसरलं नाही. स्लॅब बहुतेक 30 ते 45 अंशांत सुटतात. त्यामुळे असा आवाज आला की 30 च्या आतच राहायचं, आणि तेही वर तीव्र उतार नसेल तिथेच, कारण तडा खालून वरही पोचतो. पाचांतली 3 म्हणजे 'मध्यम, चालेल' असं समजू नका. या पातळीवर एकट्या स्कीयरनेही उतार सुटू शकतो.

तुटलेल्या कडेचा फोटो असेल तर टाका, स्लॅबच्या जाडीचा अंदाज येईल. आणि आधीचे तिघे खाली नेमके कुठे थांबले होते?