वितळलेल्या क्षाराच्या अणुभट्टीतील हीट एक्स्चेंजर आणि निचरा टाकी यांचे आकारमान कसे ठरवावे?

उष्मायन (प्रश्न)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी 100 मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या, ग्रॅफाइट मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करून साखळी अभिक्रिया चालू ठेवणारा पदार्थ) असलेल्या क्षार-अणुभट्टीचा, म्हणजे वितळलेल्या क्षारातच इंधन विरघळलेले असते अशा भट्टीचा, प्राथमिक आराखडा करीत आहे. फ्लोराइडचा इंधन-क्षार गाभ्यातून 700 अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि 600 अंशांना परत येतो. संपूर्ण परिपथातील त्याचे आकारमान मी 10 घनमीटर धरले आहे. एक्स्चेंजरमध्ये इंधनाची उष्णता घेऊन पुढे नेणाऱ्या दुय्यम परिपथात लिथिअम फ्लोराइड व बेरिलिअम फ्लोराइड यांचे मिश्रण, म्हणजेच फ्लाइब, घेतले असून ते 450 अंशांना एक्स्चेंजरमध्ये शिरते, कारण दोन्ही बाजूंच्या तापमानांत जितका फरक अधिक तितके नळ्यांचे क्षेत्रफळ कमी लागेल.

माझ्या दोन शंका आहेत. इंधन नळ्यांच्या आतून न्यावे की बाहेरून? आणि निचरा टाकीला स्वतंत्र शीतकरण खरोखरच लागते का? तळाची गोठझडप (नळीत गोठवून ठेवलेल्या क्षाराचे बूच) वितळली की इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, तेथे ग्रॅफाइट नसल्याने साखळी अभिक्रिया चालू राहू शकत नाही. मग चांगले उष्णतारोधक आवरण असलेले साधे पात्र पुरेसे ठरू नये का?

नळीकाम (उत्तर)

आधी 450 अंशांविषयी. फ्लाइब सुमारे 459 अंशांनाच गोठते, त्यामुळे आपला दुय्यम परिपथ सुरू होण्यापूर्वीच बंद पडेल. कमी तापमानाला वितळणारा दुसरा क्षार घेतला तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण नळीच्या भिंतीचे तापमान इंधन-क्षाराच्या गोठणबिंदूच्याही वर राहिले पाहिजे, आणि हे पूर्ण भारावरच नव्हे तर पंप मंदावले असताना किंवा भट्टीची शक्ती अचानक उतरली असतानाही साधले पाहिजे. तापमानातील फरक वाढवून क्षेत्रफळ वाचवण्याची पाण्याच्या यंत्रणांत मुरलेली सवय येथे सोडावी लागते.

दुसरी सूचना गुणधर्मांच्या आकड्यांविषयी आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत 1965 ते 1969 या काळात चाललेल्या प्रायोगिक भट्टीचा एक्स्चेंजर प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा बराच कमी उष्णता वाहून नेत असल्याचे आढळले. नळ्यांवर काही थर साचला असावा, अशी शंका कोणालाही येईल; परंतु वर्षानुवर्षे कामगिरीत घट झाली नाही, आणि मूळ चूक आराखड्यात धरलेल्या क्षाराच्या उष्णता-वाहकतेत निघाली, जी प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक होती. फ्लाइबची वाहकता मीटर-केल्व्हिनमागे साधारण 1 वॉट एवढीच आहे. उलट दर घनमीटरची उष्माधारकता पाण्याइतकीच, किंबहुना किंचित जास्त, म्हणजे सुमारे 4.6 मेगाज्यूल आहे. त्यामुळे आपल्याला सेकंदाला 0.22 घनमीटर एवढाच प्रवाह पुरेल. विष्यंदिता (दाटपणा) पाण्याच्या कित्येक पट आणि नळ्या बारीक, यांमुळे रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा अंक) या दोहोंमधल्या संक्रमण-पट्ट्यात येण्याचा संभव असतो, आणि तेथे नेहमीची सूत्रे डोळे झाकून वापरणे धोक्याचे आहे.

आता इंधन आत की बाहेर. त्या प्रायोगिक भट्टीत ते शेलमध्ये (नळ्यांभोवतीच्या कवचात), नळ्यांच्या बाहेरून जात होते. पुढे त्याच प्रयोगशाळेने 1000 मेगावॉट विद्युत क्षमतेच्या प्रजनक भट्टीचा जो आराखडा केला, त्यात ते नळ्यांच्या आत घेतले. गाभ्याबाहेर असलेला प्रत्येक लिटर इंधन निष्क्रिय गुंतवणूक ठरतो, शिवाय विलंबित न्यूट्रॉनांचा (विखंडनानंतर काही वेळाने सुटणाऱ्या, नियंत्रणास आवश्यक न्यूट्रॉनांचा) काही भाग गाभ्याऐवजी एक्स्चेंजरमध्येच उत्सर्जित होतो. त्यामुळे भट्टीचे नियंत्रण अधिक नाजूक होते आणि दुय्यम क्षारही काही प्रमाणात किरणोत्सारी होतो. नळ्यांच्या आत इंधन कमी मावते, म्हणून आपल्या क्षमतेला मी ते आतूनच नेईन. दुय्यम बाजूचा दाब मात्र थोडा अधिक ठेवावा, म्हणजे नळी फुटली तरी गळती इंधनाकडे होईल, इंधन बाहेर येणार नाही. शेलमधील प्रवाहाने नळ्या थरथरतात का, हे प्रथम पाण्यावर तपासावे. ओक रिज येथे हा दोष पाण्यावरील चाचणीतच लक्षात आला होता.

क्षयरेषा (उत्तर)

टाकीविषयीचा आपला तर्क अर्धाच बरोबर आहे. साखळी अभिक्रिया थांबते, पण विखंडनजन्य मूलद्रव्यांच्या क्षयाची उष्णता थांबत नाही. दीर्घकाळ चाललेल्या भट्टीसाठी ती पहिल्या तासात सरासरी दीड टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे आपल्याकडे सुमारे 1.6 मेगावॉट. 10 घनमीटर क्षाराची एकूण उष्माधारकता अंशामागे 46 मेगाज्यूल होते, त्यामुळे शीतकरण नसेल तर पहिल्या तासातच तापमान सुमारे 125 अंशांनी चढेल. हाच हिशेब चोवीस तासांचा केला तर वाढ 1600 अंशांच्या घरात जाते, आणि तोवर पात्राचा धातू शिल्लक राहिलेला नसेल. उष्णतारोधक आवरण येथे मदत करण्याऐवजी घातच करते. आणखी एक तपशील बहुधा विसरला जातो: क्षार खाली उतरताना टाकीतील वायूला वर जाण्यास मोकळी वाट हवी, अन्यथा गोठझडप वेळेवर उघडूनही निचरा रेंगाळतो.

उष्मायन

दोघांचेही आभार. आकडे पुन्हा मांडले. टाकीतून सतत 1 मेगावॉट काढली तर सुरुवातीच्या 650 अंशांवरून तापमान साडेतीन तासांनी कमाल होते आणि वाढ 70 अंशांहून कमी राहते. मात्र शीतकरण तसेच चालू ठेवले तर सुमारे 20 तासांत क्षार गोठू लागतो. मग त्याला गोठू द्यावे का? घन क्षार तर कोठेच वाहून जाणार नाही.

क्षयरेषा

आपला आकडा योग्य आहे, आणि शीतकरण स्थिर का नसावे याचे उत्तरही त्यातच आहे. ओक रिज येथील टाक्यांत वरून बंद तळाच्या 32 नळ्या क्षारात सोडलेल्या होत्या आणि त्यांच्या आत दुसऱ्या नळ्यांतून पाणी उकळत असे. मधल्या फटीमुळे पाणी व क्षार यांचा संबंध येत नसे, आणि उष्णता मुख्यतः प्रारणाने पलीकडे जाई. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणून 720 अंशांवरून 450 अंशांवर येईपर्यंत अशी नळी उष्णता एक तृतीयांशाहूनही कमी काढू लागते, तेही कोणी झडप न फिरवता. त्या टाकीची क्षमता अवघी 100 किलोवॉट होती. आपल्याला तिच्या दहापट लागेल, तेव्हा नळ्यांची संख्या त्याच हिशेबाने वाढवावी आणि रिकाम्या टाकीला तापवण्यासाठी विद्युत तापकही ठेवावेत.

इंधन कायमचे गोठवून ठेवण्यास मात्र माझा विरोध आहे. घन क्षार साधारण 100 अंशांखाली आला की त्याच्या स्वतःच्या किरणोत्सारामुळे त्यातून फ्लोरिन वायू सुटू लागतो, आणि तो युरेनियमचे वायुरूप हेक्साफ्लोराइड बनवतो. ओक रिज येथील भट्टी बंद होऊन पंचवीस वर्षे होत आल्यावर, 1994 मध्ये, टाक्यांतील युरेनियमचा काही भाग असाच निसटून वायुनलिकांत आणि कोळशाच्या गाळणीत पोहोचल्याचे आढळले.

नळीकाम

एक भर घालतो. मॉलिब्डेनम, रुथेनियम, टेल्युरियम यांसारखी विखंडनजन्य मूलद्रव्ये क्षारात विरघळून राहत नाहीत, तर धातूच्या पृष्ठभागावर चिकटतात, आणि परिपथातील धातूचा मोठा पृष्ठभाग एक्स्चेंजरच्या नळ्यांचाच असतो. त्यामुळे सर्व इंधन टाकीत उतरल्यावरही रिकामा एक्स्चेंजर आतून तापतच राहतो. आपल्या ताळेबंदात संपूर्ण क्षय-उष्णता टाकीच्या नावावर आहे. त्यातला हा वाटा वेगळा काढून, दुय्यम क्षार थांबलेला असताना नळ्या कोणत्या तापमानाला स्थिरावतात, तेवढे पाहावे.