महागड्या लिंबूवर्गीय परफ्यूमला स्वस्त पर्याय कोणता?

प्रश्न: टॉम फोर्डच्या ‘नेरोली पोर्टोफिनो’चा संत्र्याच्या फुलांसारखा ताजा गंध मला फार आवडतो, परंतु त्याची किंमत परवडत नाही. त्याच्या जवळपास जाणारे काही सुचवाल का?

प्रतिसाद १: १७९२ पासूनचा वारसा सांगणारे जर्मनीतील कोलोन शहराचे ‘४७११’ हे कोलोन (हलका परफ्यूम) घ्यावे. त्यात बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), लिंबू, संत्रे व नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचे तेल) असून मागाहून रोझमेरी या सुगंधी वनस्पतीची किंचित औषधी झाक येते, जी मला तरी आवडते.

प्रतिसाद २: सहमत, मात्र ते लवकर विरते. अर्थात लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील लिमोनीनसारखे हलके रेणू झटकन उडून जात असल्याने महागड्या बाटलीतही हा दोष थोडाफार राहतोच. मनगटावर आधी वाळ्याच्या अत्तराचा थेंब लावून वर कोलोन फवारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कपड्यांवर फवारल्यास डाग पडतील का?

प्रतिसाद २: आधी सदऱ्याच्या आतल्या शिवणीवर फवारून पाहावे.