ग्लुटेन-फ्री बेकिंग, खिशाला परवडेल असं: तुमचे अनुभव लिहा

लेकीला सिलिअ‍ॅक (ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, न चालण्याचा आजार) निघाल्यापासून आमच्याकडे गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद. ग्लुटेन-फ्री बिस्किटांची किंमत बघून पोटात गोळा येतो आणि पोरीला खाऊ तर रोज लागतो. सामान कुठून आणता, घरी काय करता, पैसे कुठे वाचतात, सविस्तर लिहा प्लीज.

---

तयार मिक्स घेणं मी सोडलंच, पाकिटामागे वाचून बघा, बहुतेकांत तांदूळपिठी, स्टार्च आणि गम एवढंच असतं. मी तांदूळपिठी, ज्वारीचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर मिसळून डबा भरून ठेवते. झँथन गमऐवजी (पीठ बांधून ठेवणारी पावडर) साधं इसबगोल, मेडिकलमध्ये मिळतं तेच, कपभर पिठाला चमचाभर घेऊन पाण्यात भिजवायचं, लगेच जेलीसारखं होतं, ते घातलं की केक कापताना भुगा पडत नाही. पीठ कालवून अर्धा तास ठेवा नाहीतर तांदूळ कचकच लागतो, बेकिंग पावडर मात्र अगदी शेवटी.

---

ज्वारी-नाचणी स्वस्तच आहे हो, खरा प्रश्न गिरणीचा. आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि मागून आपलं पीठ त्याच जात्यातून, सिलिअ‍ॅकवाल्यांना तेवढंही बाधतं. आम्ही दोघी बहिणींनी मिळून घरगुती गिरणी घेतली, तिच्यात गहू घालायचाच नाही हा नियम. सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात, ताटात पसरून निवडते, मग धुवून कडकडीत वाळवून दळते. वेळ जातो, पण पोराचं पोट दुखत नाही यापुढे काही नाही.

---

गोव्यातून. बेबिंकात मैदा, म्हणून ती नाही. दोदोल करा! तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचा रस, बस. गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून.

---

इंग्लंडमध्ये असाल तर आल्डी, लिडल या स्वस्त सुपरमार्केटांत आधी बघा. संध्याकाळी सुपरमार्केटात यलो स्टिकर (किंमत उतरवल्याचं) लागलेला ग्लुटेन-फ्री पाव मिळाला की मी उचलते आणि फ्रीझरला टाकते. काही भागांत निदान झालेल्यांना पाव आणि पीठ जीपीच्या (तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीवर मिळतं, विचारा नक्की. इंडियन स्टोअरचं ज्वारीचं पीठ स्वस्त असतं पण गव्हाचा अंश असू शकतो असं पाकिटावर छापलेलं असेल तर ठेवून द्या.

---

खर्च कुठे करायचा तेही सांगते. ओट्स सर्टिफाइडच घ्या, साध्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असतात. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमाने ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, मेतकुटात आणि विकतच्या भाजणीत तर गहू असतोच बहुधा. हे घरी करा.

---

@धागाकर्ती, बेसन आणि तांदूळपिठीची नानकटाई करून बघ गं. बेसन आधी मंद आचेवर कोरडं भाजून घे, कच्चट वास जातो, आणि तुपात काटकसर नको, तेवढ्यानेच ती खुसखुशीत होते. एकदा केली की आठवडाभर डब्याचं बघायला नको.