४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो, हे भागाकार न करता कसे दाखवावे?

प्रश्न : २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यास ४२९४९६७२९७ ही संख्या येते. गणितज्ञ फर्मा यांना ती मूळ संख्या वाटत होती, परंतु ऑयलर यांनी १७३२ मध्ये ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडून दाखवली. प्रत्यक्ष भागाकार टाळून हे सिद्ध करता येते का? शिवाय, ६४१ सापडावा कसा?

उत्तर १ : येते, आणि ती सिद्धता फार देखणी आहे. ६४१ ही संख्या ५ × १२८ + १ अशी लिहिता येते, तसेच ६२५ + १६, म्हणजे ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज, अशीही लिहिता येते. पहिल्या रूपानुसार ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची, बाकी १ येते. दुसऱ्या रूपानुसार ६२५ च्या जागी −१६ ठेवले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते, आणि त्यात १ मिळवताच भाग निःशेष जातो.

उत्तर २ : शोधाविषयी सांगायचे, तर या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ तपासले की पुढचा उमेदवार ६४१ हाच येतो.

उत्तर ३ : हिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ हीसुद्धा अवश्य पाहावी. ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ इतकी आहे, आणि आजवर ज्ञात असलेल्या फर्मा मूळ संख्या (२ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या विषम मूळ संख्या) एवढ्याच आहेत. बाजूंची संख्या अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली की रचना शक्य होते; म्हणूनच तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी आणि कंपास वापरून, निदान तत्त्वतः, काढता येते.